वाऱ्याच्या खालच्या अंगाला

वडील एडके राखायचे.
वीस-बावीस घरांचे एडके आणि बोकड
उन्हाळा लागला की गोळा करून
खाऱ्या तळ्यापल्याड, दोन डोंगर ओलांडून न्यायचे.
मादी दिसू नये, तिचा आवाज येऊ नये,
आणि मुख्य म्हणजे वारा.
वाऱ्याच्या खालच्या अंगाला राहायचं, म्हणायचे,
आपल्याआधी आपला वास पोचता कामा नये.

गोबीत करडू चुकीच्या महिन्यात पडलं
तर आईच्या जिभेआधी थंडीच चाटते त्याला.
म्हणून एवढं सोवळं.
जो बोकड कळपातच ठेवणं भाग असे
त्याच्या पोटाखाली नमद्याचं फडकं बांधत.
आम्ही मुली हसायचो,
आई डोळे वटारायची, आणि मग तीही.

पाच महिन्यांत तो दर्प त्यांचाच होऊन जाई.
चहाच्या विटा घ्यायला दुकानात आले
की दुकानदारीण हात लांब करून पैसे घेई.
जीपमध्ये शेजारची जागा रिकामी.
पण आमच्या कुंपणावरून गेले
की शेळ्या रवंथ थांबवून माना वर करीत.
आई म्हणे, बघा, ह्यांना तरी किंमत आहे तुमची.

पुढे मी पशुवैद्यकी शिकले.
फळ्यावर मेंदूचा उभा छेद.
नराचा वास नाकातून आत जातो, मास्तर सांगत होते,
तळाशी काहीतरी टिकटिकू लागतं,
दोन-तीन दिवसांत बीज सुटतं.
हा पहिला माज पुष्कळदा मुका.
आत सगळं घडून जातं,
बाहेर शेपूटसुद्धा हलत नाही.
दिसतं ते पुढे, कधी तिसऱ्या आठवड्यात.
आणि नर हवा नवखा,
नाहीतर बरेच दिवस दूर राहिलेला.
रोज डोळ्यांसमोर असणाऱ्याचं फारसं चालत नाही.
मागच्या बाकावरचा चोइनझोर खिदळला.
मी उतरवून घेतलं,
आणि समासात लिहिलं: आईला विचारणे.

विचारलं नाही.

वडील गेले सप्टेंबरात, तळ्यापल्याडच.
कळप बातारच्या पोराने सांभाळला.
घरी आला तो त्यांचा देल,
मेंढीच्या कातड्याचा, काखेत मेणचटलेला.
आईने तो धुतला नाही,
तंबूतही घेतला नाही.
शेळ्यांच्या कुंपणावर टाकला, बाह्या पसरून,
वाळत घातल्यासारखा.

दोन आठवडे काही नाही.
मग एका पहाटे चाळीसेक शेळ्या
कुंपणाला खेटून, शेपट्या फडफडवत,
ओरडून ओरडून घसे बसलेल्या.
एक काळी, दात पडलेली,
बाहीत तोंड खुपसून उभी.
दहा कोसांत नर नव्हता.
मी म्हटलं, काढ तो आई, फसवणूक आहे ही.
ती टोपलीत लेंड्या भरत होती.
फसवणूक कसली, म्हणाली,
यायचं होतं ते आलेच ना.
आणि टोपली घेऊन चुलीकडे गेली.

चार दिवसांत सगळं निवलं.
कुणी गाभण राहिलं नाही, राहणार कशाने.
नोव्हेंबरात खरे बोकड सोडले,
एप्रिलात करडं झाली, तीन दगावली,
नेहमीसारखंच.

फक्त मध्ये, जानेवारीत,
पारा उणे चाळीसच्याही खाली गेला त्या रात्री
आईने देल आत आणला.
बर्फ झटकलं. नीट झटकलंही नाही.
अंगावर घेतला, नाकापर्यंत ओढला,
आणि भिंतीकडे कूस वळवली.

तंबूभर तो वास.
मी पलीकडच्या खाटेवर, जागी,
ती जुनी वही कुठल्या पेटीत ठेवली
ते आठवत.